पाळण्याचा जनरेटर

फोन पावणेपाचला आला.
रामकली कुशवाह, आकाशपाळणावाली :
"शितोले भैया, मशीन खट्ट बोलके चुप है."
मी विचारलं, एकदाच खट्ट, की खटखटखट?
बाईनं फोनच स्टार्टरपाशी धरला
आणि कुणालातरी चावी फिरवायला लावली.
एकदाच.
अर्धी यादी मी अंथरुणातच खोडली.

ग्वाल्हेरचा जानेवारी. जिन्सी नाल्यापासून मेळ्यापर्यंत
स्कूटरचा उजेड चार हात पुढे जायचा
आणि धुक्याला टेकून थांबायचा.
मैदानात पापडवाल्याच्या कढईवर ताडपत्री,
तिच्यावर दव, खाली कुत्रं.
पाळणा अर्धाच होता,
वरचे झुले अजून आलेच नव्हते.

तीन सिलिंडरचं धूड, पण रंग कोरा, पोपटी,
नटबोल्टांच्या खाचांतसुद्धा पोपटी.
पुतण्या छोटेलाल बाहीला नाक पुसत म्हणाला,
"बैटरी गई."
सगळे आधी बॅटरीलाच मारतात.
नानांचा काट्याचा मीटर काढला. बारा पॉइंट सहा.
चावी. खट्ट.
काटा बाराच्या जरा खाली येऊन उभा राहिला.
दमलेली बॅटरी अशी उभी राहत नाही रे,
ती आठ-नऊवर गुडघे टेकते.

खांब खरवडले, उगाच, हात गरम व्हावेत म्हणून.
सॉलेनॉइडवर पान्याची मूठ ठोकली, तीही सवयीनं.
छोटेलालनं विचारलं, प्लग साफ करायचा का?
डिझेलला ठिणगी नसते, बाळा.
हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते
आणि मग त्यात फवारा.
पण दाबायला आधी फिरावं लागतं,
आणि या थंडीत तेलाची काकवी झालेली.

नाना म्हणायचे,
वीज जाते कशी हे गाढवही बघतं.
परत कशी येते ते बघ.

मीटरचं लाल टोक इंजिनाच्या अंगाला,
काळं बॅटरीच्या उण्या खांबाला.
चावी.
काटा शून्यापाशी बसून राहायला हवा होता.
साडेचारवर गेला.
साडेचार व्होल्ट! परतीच्या वाटेवर
कुणीतरी बसून खात होतं.

मग गुडघ्यावर, मग पोटावर, टॉर्च दातांत.
इंजिनापासून सांगाड्याला येणारी ती जाड वेणी,
अर्थची,
तिच्या थिंबलखाली पोपटी रंगाचा थर.
छान, गुळगुळीत, दोन हात दिलेला.
सगळं घट्ट होतं. फक्त कुणी कुणाला शिवत नव्हतं.

"रंग किसने किया?"
"हमने," बाई म्हणाली. "हर साल वो करते थे."
एवढंच. शाल डोक्यावर ओढली.
तो त्या जागेवर पट्टी चिकटवत असावा,
किंवा नंतर खरवडत असावा.
अशा गोष्टी माणूस सांगून जात नाही,
त्याला त्या गोष्टी वाटतच नाहीत.

तेरा नंबरचा पाना. पॉलिश पेपर.
रुपयाएवढी जागा चकचकीत केली,
वेणी परत आवळली, वर बोटभर ग्रीस.
हीटर वीस सेकंद. छोटेलाल मोठ्यानं मोजत होता,
चौदानंतर चुकला, पुन्हा दहापासून.
चावी.
घुर्र, घुर्र, एक शिंक, पांढरा धूर,
दुसऱ्या सिलिंडरनं जरा कुरकुर केली
आणि मग तिघं एका सुरात लागले.
पाळण्याच्या दांड्यांवरचे दिवे खालून वर पेटत गेले,
शेवटचे धुक्यात कुठेतरी.

बाईला पावती हवी होती, ठेकेदाराला दाखवायला.
बोटं वळत नव्हती, सवयीनं मराठीतच लिहिलं :
अर्थ साफ केला. रुपये दीडशे.
तिनं अक्षर लावत लावत वाचलं.
"अर्थ साफ... मतलब?"

मी पायाखाली बोट दाखवलं.
ती बराच वेळ चपलांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, सौ ले लो, भैया.